वाटप झालं, आता दुरुस्तीचंही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरची 3 तारीख आली की जागतिक दिव्यांग दिनाचा तोच फोटो दरवर्षी छापून येतो, मंडप, मागे फ्लेक्स, पुढे ओळीने नव्याकोऱ्या ट्रायसिकली नि व्हीलचेअर, आणि कुणाच्या तरी हातात काठी देणारे पाहुणे. त्या फोटोबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला मिळालं त्याला खरंच गरज असते आणि मिळालं ते चांगलंच झालं. मला विचारायचंय ते त्याच्या पुढचं. ती ट्रायसिकल पुढच्या डिसेंबरात चालतेय का, कानाचं मशीन कानात आहे का कपाटात, आणि बिघडलं असेल तर तो माणूस इंदूरमधे नेमका कुठे गेला? आमच्या घरात दोन माणसांचा दिवस अशा वस्तूंवर चालतो, मोठा भाऊ पोलिओमुळे कॅलिपर घालतो आणि बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पत्र लांब वाटलं तर कापा, पण दुरुस्तीचा मुद्दा कापू नका ही विनंती.

आधी भावाचं सांगते. कॅलिपर काय असतं हे आता वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना माहीतही नसतं. पायाच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, मांडीला नि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली त्यात अडकवलेला बूट, आणि गुडघ्यापाशी लॉक. माणूस सरळ उभा राहिला की लॉकची कडी खाली सरकते नि गुडघा वाकत नाही, बसताना ती हाताने वर ओढायची. ही कडी वर्षानुवर्षं घासून झिजते, मग पूर्ण बसत नाही, आणि चालता चालता गुडघा एकदम दगा देतो. पावसाळ्यात चामडं फुगतं, सुकलं की तडकतं, रिव्हेट गंजतात. म्हणजे यात हायटेक काहीही नाही, एक चांगला चर्मकार आणि एक लेथवाला एवढंच लागतं, पण दोघांना कॅलिपर म्हणजे काय ते कळलं पाहिजे आणि ते कळणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत. आमचे जुने कारागीर वारले, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, त्यात त्यांचा काय दोष, काम राहिलंच किती होतं.

ही गोष्ट फार कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्या देशात पोलिओच्या नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूची शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. एवढं मोठं काम आपल्या देशाने केलं याचा मला मनापासून अभिमान आहे, घरोघर डोस पाजणाऱ्या बायकांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण पोलिओ गेला म्हणून पोलिओ झालेली माणसं गेली नाहीत ना! सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांना झाला ती आज चाळिशी-पन्नाशीत, काही साठीच्या घरात आहेत, नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, संसार सांभाळतात, आणि अजून वीस-तीस वर्षं त्यांना कॅलिपर लागणार आहे. उलट वय वाढलं की जास्तच लागतो, कारण पोलिओनंतर कित्येक वर्षांनी स्नायू पुन्हा कमजोर होऊ शकतात, डॉक्टर त्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात, आयुष्यभर एका पायाचं काम दुसऱ्याने केलेलं असतं तो दुसराही थकतो. तरुणपणी ज्यांनी कॅलिपर सोडून दिला होता अशी माणसं आता परत विचारायला लागलीत. म्हणजे नवीन मुलं येत नाहीत म्हणून कारागीर कमी झाले आणि जुन्यांची गरज तर वाढतेय. आता शिकून आलेली मुलं प्लास्टिकच्या हलक्या ऑर्थोसिस, म्हणजे पायाला आधार देणारे साचे, बनवतात, त्या चांगल्या असतात, ज्याला जमतं त्याने जरूर घ्याव्यात, पण लहानपणापासून चामड्या-लोखंडावर चालायची सवय झालेल्या माणसाला ते एका दिवसात बदला म्हणून सांगणं बरोबर नाही.

भावाला एका शिबिरातून नवा कॅलिपर मिळाला होता. माप घेणारे वेगळे, बनवणारे वेगळ्या गावचे, द्यायला आलेले तिसरेच. मांडीचा पट्टा काचायचा, जखम झाली, परत द्यायला विचारलं तर शिबिर संपलेलं, फोन लागेना. शेवटी पोलोग्राउंडकडच्या एका लेथवाल्याने जुन्याच कॅलिपरची कडी नवी करून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हता, आम्हीच बळेबळे दिले. असा माणूस भेटणं हे नशिबावर सोडायचं का, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता नियम बघा. केंद्र सरकारची ॲडिप योजना 1981 पासून आहे, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची मर्यादा बघून साधनं मिळतात, त्यातली पुष्कळशी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. लाखो लोकांना याचा उपयोग झालाय. पण त्यात अट अशी आहे की त्याच कामाचं साधन 3 वर्षांत परत मिळत नाही, 12 वर्षांखालच्या मुलांना 1 वर्षाची अट. अट समजू शकते, सरकारी पैसा आहे, एकालाच पुन्हा पुन्हा कसा देणार. पण मग मधल्या काळात दुरुस्ती हवी की नको? सहा महिन्यांत व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक निघालं (आपल्याकडच्या रस्त्यांवर तेच आधी निघतं) तर त्या माणसाने उरलेली अडीच वर्षं घरात बसायचं का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मधे व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, माणसाची तपासणी, माप, बसवून बघणं, वापरायला शिकवणं वगैरे, आणि आठवी पायरी म्हणजे नंतरची देखभाल आणि दुरुस्ती. म्हणजे दुरुस्ती हा वाटपाचाच भाग आहे, आपण तो भाग सोडूनच देतो.

बाबांचं मशीन म्हणजे कानामागे बसणारं, त्याला पारदर्शक नळी, नळीच्या टोकाला कानाच्या मापाचा मोल्ड. ही नळी काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते, आक्रसते, मग मोल्ड नीट बसत नाही, आवाज बाहेर निसटून परत माइकमधे जातो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. म्हातारी माणसं त्या शिट्टीला वैतागून मशीन काढून ठेवतात आणि मग "आजोबा वापरतच नाहीत हो, पैसे वाया गेले" असं सगळे म्हणतात. खरं तर नळी अगदी स्वस्त असते आणि बदलायला काही मिनिटं लागतात, फक्त ती बदलून देणारा माणूस जवळ हवा. लहान मुलांचं याहून अवघड, कान वाढतो तसा मोल्ड छोटा पडतो, सारखा नवा करावा लागतो, आणि भाषा शिकायच्या वयात मूल कित्येक आठवडे मशीनशिवाय राहिलं तर ते नुकसान नंतर भरून निघायला फार कठीण. कॉक्लिअर इम्प्लांटचंही (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते यंत्र) तसंच, आपल्या राज्यात बाल श्रवण योजनेतून ऑपरेशनं होतात, ती व्हायलाच हवीत, पण बाहेरच्या प्रोसेसरची केबल किंवा कॉइल वॉरंटीनंतर गेली की पालकांच्या तोंडचं पाणी पळतं.

जाता जाता, घरात कुणाचं मशीन असेल तर एवढं करा. सेलवरच्या स्टिकरचा रंग लक्षात ठेवा, निळा म्हणजे 675 नंबरचा सेल, केशरी 13, तपकिरी 312, पिवळा 10, म्हणजे दुकानात चुकीचा सेल येत नाही. स्टिकर काढला की हवा लागून सेल चालू होतो, परत चिकटवून फायदा नाही, म्हणून लागेल तेव्हाच काढा आणि मिनिटभर उघडा ठेवून मग घाला. रात्री मशीन सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. मोल्ड मशीनपासून वेगळा करूनच कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि नळीत पाण्याचा थेंबही न ठेवता वाळवा.

मशीन खरंच बिघडतं तेव्हा काय होतं तेही सांगते. जिथून घेतलं तिथे सांगितलं की कंपनीकडे दुसऱ्या शहरात पाठवावं लागेल, कधी येईल सांगता येत नाही, तोपर्यंत बदली मशीन नाही. त्या काळात बाबा बाहेरच्या खोलीत यायचे बंद झाले. कुणी आलं तर हसून मान हलवायची नि आत जाऊन बसायचं. सानंद संस्थेच्या मराठी नाटकांची सवय असलेला माणूस, तिकीट दुसऱ्याला देऊन टाकलं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि याच इंदूरमधे जेलरोडला मोबाइलचा डिस्प्ले चहा पिऊन होईपर्यंत बदलून मिळतो! मला वाटतं सगळं उत्तर त्यातच आहे. आमच्या कॉलनीत एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, तो फोनमधल्या टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर, सगळं करतो, मेसेज, बँक, अभ्यास, आणि रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) नावाचं ॲप आहे, जानेवारी 2020 मधे आलं, ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते बोलून सांगतं, नेट नसलं तरी. बाबांचं मशीन नव्हतं तेव्हा आम्हीही फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे बोललेलं लिहून दाखवणारं ॲप लावून मराठीत बोलायचो आणि त्यांना अक्षरं दिसायची, मधे हिंदी आलं की गडबडायचं पण काम चाललं. जे जे फोनमधे आलं ते लोकांच्या वापरात टिकलं, कारण फोन बिघडला तर गल्लीत दुरुस्त होतो, पार्ट मिळतात, शिकलेली मुलं बसलेली आहेत. कुबडी, वॉकर, व्हीलचेअर, कॅलिपर, कानाचं मशीन यांना तेवढाच मान द्या.

काय करता येईल तर, एक म्हणजे नवीन काही काढायचीही गरज नाही. केंद्राच्या योजनेत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांच्या कामांच्या यादीत साधनांची दुरुस्ती लिहिलेलीच आहे. तिथे आठवड्यातला एक वार ठरवून, पार्ट ठेवून, एक कानाचा नि एक हातापायाच्या साधनांचा जाणकार बसवा आणि तो वार सगळीकडे जाहीर करा. नंदानगरच्या आयटीआयमधे वेल्डिंग-फिटर शिकणाऱ्या मुलांना व्हीलचेअरची चाकं, बेअरिंग, ब्रेक आणि कॅलिपरचं लॉक शिकवा, आज जे दोन-चार म्हातारे कारागीर उरलेत त्यांना मानधन देऊन बोलवा, आत्ताच, हे कसब त्यांच्या हातात आहे तोवर. शिबिर घेणाऱ्यांनी साधनासोबत काठीचं जास्तीचं रबर, मशीनची जास्तीची नळी, व्हीलचेअरचा पाना असं द्यावं आणि कायम चालणारा एक नंबर साधनावर चिकटवावा. नंबर देता येत नसेल तर त्यांनी वाटपही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि महापालिका. 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवला, 85 वॉर्डांत दारोदार गाडी येते, कचरा वेगवेगळा घेते. या शहराने ठरवलं की होतं हे आपण बघितलंय. घरोघरी वारलेल्या आजी-आजोबांचे वॉकर, कमोड खुर्च्या, कुबड्या माळ्यावर पडून आहेत, त्या वॉर्डातल्या आरआरआर सेंटरवर (जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणायच्या केंद्रावर) वेगळ्या घ्या, तपासून स्वच्छ करून गरजूंना द्या. आपली मराठी मंडळं तर रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर देण्याचं काम सहज करू शकतात. फक्त देताना माप बघा हो. वॉकर किंवा काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी, काखेतली कुबडी काखेच्या दोन-तीन बोटं खाली, भार हाताच्या पंजावर, काखेत रुतली तर नस दबून हात बधिर होतो. आणि खालचं रबर गुळगुळीत झालेलं दिसलं की त्याच दिवशी बदला, बाथरूमच्या टाइल्सवर त्याच रबरामुळे किती म्हाताऱ्यांची हाडं मोडतात.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले, पण त्यात माझ्या बाबांसारखे वयामुळे कमी ऐकू येणारे किती आले असतील, त्यांच्याकडे ना कार्ड ना प्रमाणपत्र. दुरुस्तीच्या काउंटरवर कार्ड मागू नका, मोडकी वस्तू घेऊन कुणी आलं हेच पुरे समजा.

संपादकसाहेब, तुमच्याकडूनही एक हवंय. रोबोटिक पायाच्या, एआय चष्म्याच्या बातम्या तुम्ही छापता, त्या मीही आवडीने वाचते. त्याच पानावर दर रविवारी एक छोटी चौकट द्या, कानाच्या मशीनची नळी कुठे बदलतात, कॅलिपरचं चामडं कोण शिवतं, व्हीलचेअरचं टायर कुठे मिळतं, कुठल्या वारी नि किती वाजता. वाचकांना माहिती पाठवायला सांगा, इंदूरची, देवास-उज्जैनची, ग्वाल्हेरची, बडोद्याचीसुद्धा, येईल बघा. आम्हाला एवढ्या वर्षांत जे कारागीर सापडले त्यांची यादी मी त्यांना विचारून तुमच्याकडे पाठवते, पहिली चौकट त्यातूनच होईल.

कळावे,
आपली एक वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर