पाणबुडीतला घाम : निपाणीच्या मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय रघू,

तुझं रेखाटन मिळालं. दोघांची पाणबुडी, आत दीड घनमीटर हवा आणि दमटपणा नको म्हणून सीटखाली सिलिका जेलचे, म्हणजे वाफ शोषणाऱ्या दाण्यांचे, चार डबे. ते डबे काढ बघू आधी.

हिशेब असा. गप्प बसलेला माणूस श्वास आणि कातडी मिळून तासाला साधारण 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पकडायला ठेवलेला सोडा लाइम (चुन्याचे दाणे) तो वायू शोषतो तेव्हा त्यातूनही पाणीच सुटतं, 44 ग्रॅम वायूमागे 18 ग्रॅम. म्हणजे माणशी तासाला आणखी बारा-पंधरा ग्रॅम. दोघांचे मिळून सव्वाशे धर. आता हॅच, म्हणजे आत शिरायचं झाकण, लावताना हवा 28 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर घनमीटरमागे 16 ग्रॅम वाफ आधीच आत आली. बाहेरचं पाणी 22 अंशांवर असलं, तर शेलला, म्हणजे पाणबुडीच्या पत्र्याच्या कवचाला, लागून असलेली हवा 19 ग्रॅमपेक्षा फारशी जास्त वाफ धरू शकत नाही. सवड तीन ग्रॅमची, दीड घनमीटरला साडेचार. दोन-अडीच मिनिटांत ती संपली, आणि शेलला घाम सुटला, गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा.

हे सगळं पाणी सिलिकाने प्यावं म्हणशील, तर प्रत्यक्षात दोघांना तासाला किलोभर लागेल. अशा पाणबुड्यांत 72 तासांचा श्वसनाचा राखीव साठा ठेवायची पद्धत आहे. तेवढ्या वेळाचं सिलिका 72 किलो झालं, म्हणजे तिसरा माणूसच बसवलास की! शिवाय सिलिका वाफ पितं तेव्हा उष्णता सोडतं. सव्वाशे ग्रॅमला ऐंशी-नव्वद वॅट, तीही थेट केबिनच्या हवेत. तीच वाफ शेलवर जमली तर तेवढी उष्णता पत्र्यातून बाहेरच्या पाण्यात जाते, फुकटात. थंड मुलखातल्या लोकांना आतली ऊब हवी असते, म्हणून ते शेलला आतून फोम चिकटवतात. आपल्याकडे त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. फोमची कड सुटली की वाफ मागे शिरते, आणि गंज दिसतो तेव्हा खड्डे पडलेले असतात.

तेव्हा घाम येणारच. तो कुठे यावा आणि कुठून वाहावा, एवढं आपल्या हातात आहे.

कंबरेच्या उंचीवरून खालचा शेल मोकळा ठेव, फक्त इपॉक्सी प्रायमर आणि रंग. सोडा लाइमच्या डब्यातून बाहेर पडणारी हवा गरम आणि ओली असते. तुझ्या चित्रात तिचं तोंड थेट खिडकीकडे आहे, ही मोठी चूक. ते खाली वळव, हवा मोकळ्या पत्र्याला घासत गेली पाहिजे. 12 व्होल्टचा 120 मिमीचा ब्रशलेस फॅन पुरे, कॉम्प्युटरमधला चालतो. ब्रशची मोटर नको, ठिणगी पडते आणि आत ऑक्सिजन आहे.

मोकळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेला पन्हळ लाव. 25 मिमीचा वायरिंगचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. मागे किंचित उतार दे आणि सर्वांत खोल जागी एक प्लास्टिकचा डबा ठेव. अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल लावू नको. सोडा लाइमची पूड पाण्यात मिसळली की ते पाणी तिखट क्षार होतं, अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हातही भाजतं. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन घे. दुकानात स्वस्त मिळतो तो व्हिनेगरच्या वासाचा. त्याचं आम्ल तांब्याची टोकं हिरवी करतं आणि बंद जागेत लोखंडही गंजवतं.

सोडा लाइमचं आणखी एक. त्याला काम करायला स्वतःची ओल लागते, वजनाच्या 14 ते 19 टक्के. निपाणीकराला हे काय सांगायचं! तंबाखूचा पाला दवाने मऊ असतो तोवरच हाताळायचा, उन्हात कडक झाला की चुरा. त्याच्या डब्यात शिरणारी हवा सिलिकातून गाळून घेतलीस तर सोडा लाइम असाच सुकतो आणि कार्बन डायऑक्साइड पकडेनासा होतो. ओल परवडली, हे नाही.

खिडकीची काळजी त्या मानाने कमी. अ‍ॅक्रिलिक उष्णता जवळजवळ जाऊ देत नाही, त्यामुळे जाड खिडकी आतून पत्र्यापेक्षा ऊबदार राहते आणि धुकं बहुतेक तोंड जवळ नेल्यानेच धरतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात घालून सुती फडक्याने पातळ हात फिरव. स्पिरिट किंवा अमोनियाचा काचेचा स्प्रे मात्र बोटीच्या आसपासही नको. ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला त्याने केसासारख्या चिरा जातात, आणि मग ती खिडकी फेकायचीच.

वायरिंगच्या पेट्यांना ग्लँड (वायर आत घ्यायची घट्ट बुचं) खालच्या बाजूने दे. पेटीत शिरण्याआधी वायरला खाली एक वळण ठेव, म्हणजे थेंब तिथेच गळतो. प्रत्येक पेटीत 50 ग्रॅम सिलिका. त्याची खरी जागा हीच. नारिंगी दाण्यांचं घे. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. सुकवताना दोन सेंटिमीटरचा थर करून 120 अंशांवर दोन-तीन तास. तव्यावर भाजू नको, दाणे तडकतात.

आर्द्रतामापक स्वस्तातला घेतलास तरी चालेल, पण तपासून घे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी आकडा 75 हवा. 70 दिसला तर पाच मिळवून वाचायचं.

बुडी संपली की लगेच हॅच सताड उघडू नको, पावसाळ्यात तर नाहीच. शेल गार असतो, बाहेरची दमट हवा आत शिरली की पुन्हा घाम. डब्यातलं पाणी 60 मिलीच्या सिरिंजने मोजून काढ, बोट सावलीत बाहेरच्याएवढी कोमट होऊ दे, मग पूस आणि फॅन लाव. जून ते सप्टेंबर बोट बंद पडून असेल तेव्हा हॅच लावून आत किलोभर सिलिका ठेव. तेव्हा आत माणूस नसतो, म्हणून तेवढं पुरतं.

आणि तो मोजलेला आकडा लिहून ठेव. दोघं दोन तास आत असलात तर पाव लिटर ही घामाची गोष्ट. त्याहून बरंच जास्त भरलं तर गळती शोध. समुद्रात थेंब जिभेवर ठेवला की कळतं, हिडकलच्या जलाशयात घाम आणि गळती दोन्ही गोडच. त्यासाठी पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडचा टीडीएस मीटर आण, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. काठावर आधी जलाशयाचं पाणी मोज. मग आत शेलला लटकलेले थेंब सिरिंजने गोळा करून मोज, पन्हळीतले नकोत, त्यांत धूळ आणि क्षार मिसळलेले असतात. घामाचं पाणी डिस्टिल्ड वॉटरसारखं असतं, आकडा अगदी खाली राहतो. काठावरच्या आकड्याच्या जवळ गेला तर सर्वांत जवळच्या सीलपासून बघायला लाग.

डब्याचं तोंड वळवलेलं नवं चित्र पाठव, आणि खिडकीची जाडी किती धरलीस तेही लिही. ते तू कुठेच दिलेलं नाहीस.

तुझा,
अनंता