डोंगर न पाणीच की ते!

राजूर, ता. अकोले
श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी भंडारदरा बघायला या म्हटलं, आणि बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. ‘डोंगर न पाणीच की ते, त्यात काय बघायचंय?’ मागून आई विचारत होती, ‘देव कुठला आहे गं तिकडं?’ मी उत्तर देईपर्यंत फोन ठेवलासुद्धा. म्हणून हे पत्र. कागदावर आलेलं बाबा दोनदा वाचतात आणि मगच नामंजूर करतात, ही पाटबंधारे खात्यातली सवय अजून गेलेली नाही.

आधी गुडघ्याचं बोलते, कारण खरी अडचण ती आहे आणि तुम्ही ती सांगणार नाही. बाबा, मी तुम्हाला एकही गड चढायला लावणार नाही. इथं बदली झाल्यापासून बँकेतल्या पोरांबरोबर बरंच फिरले. ती पोरं डोंगर बघतात तेव्हा मी पायऱ्या मोजते, कठडा आहे का बघते, गाडी कुठपर्यंत जाते ते विचारते, आणि कमोड आहे का तेही. आता मला त्यांनी ‘ऑडिट’ असं नाव ठेवलंय. तर या ऑडिटचा अहवाल असा की, या भागातलं निम्म्याहून जास्त बघणं गाडीच्या खिडकीतून किंवा रस्त्यापासून थोडं चालून होतं. चढल्याशिवाय काही दिसत नाही हे ट्रेकवाल्यांनी पसरवलेलं आहे. कळसूबाईचंच घ्या. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, वर जायला लोखंडी शिड्या. पण वर गेलेल्याला कळसूबाई दिसतच नाही, तो तिच्या डोक्यावर उभा असतो. ती दिसते खालून, बारी गावाच्या रस्त्यावरून, ढग हलले की. आई, तिथूनच हात जोड. पोहोचतो नमस्कार.

आता बाबांसाठी मुद्द्याचं. भंडारदऱ्याचं धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून नाव विल्सन डॅम. सगळं दगडी काम, उंची ८२ मीटर. साठा मात्र ११ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे तुमच्या ११७ टीएमसीच्या उजनी धरणापुढे पोरच. पण हे पोर उजनीहून पन्नासेक वर्षांनी थोरलं आहे. १९६९ साली याला तडा जाऊन गळती लागली होती, मग खालच्या बाजूने आधारभिंती बांधून ते मजबूत केलं. त्या भिंती आजही दिसतात. तुम्ही तिथं उभे राहिलात की दुपारचं जेवण विसरणार, याची मला खात्री आहे. धरणाच्या पायथ्याशी एक घुमटासारखा खडक आहे. त्या बाजूची मोरी उघडली की पाणी खडकावरून चहूबाजूंनी पसरून पडतं, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. लोक तो निसर्गाचा चमत्कार म्हणून फोटो काढतात. तुम्ही मात्र लगेच विचाराल, विसर्ग किती क्युसेक चालू आहे. विचारा. तिथल्या माणसांनाही कुणीतरी शहाणा प्रश्न विचारल्याचं बरं वाटेल.

धरण साधारण पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं, आणि यंदा भरलं का, ही इथं ओळख नसलेल्या माणसाशीही बोलायची सुरुवात असते. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघायचं, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत परत शेंडी. चाळीसेक किलोमीटरचा फेरा, पण अख्खा दिवस जातो, कारण दर वळणावर थांबावं लागतं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कड्यांवरून उतरणाऱ्या धारा. त्यातल्या बहुतेकांना नावंही नाहीत. नेकलेस फॉल, न्हाणी फॉल अशी नावं पडलेले थोडे आहेत, बाकीचे नुसतेच पडत असतात. मला बिननावाचेच जास्त आवडतात, तिथं भजीची गाडी नसते.

घाटघरला सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. आपल्या मंगळवेढ्यात सगळं बरं असलं तर पाचशे. पहिल्या पावसाळ्यात माझे कपडे वाळेनात तेव्हा मला ज्वारीच्या रानाची आठवण येऊन रडू फुटलं होतं, ते तुम्हाला कळवलं नव्हतं. इथंच घाटघरचा वीजप्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा. एक धरण वर, एक खाली चोंढ्याला, मध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, आणि रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. एकच पाणी वर-खाली. तुम्ही म्हणाल, मग त्यात मिळालं काय? मीही तेच विचारलं होतं. हिशेब वेळेचा आहे, स्वस्त वेळेची वीज खर्चून महाग वेळेची मिळते. बँकेत बसणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

पण बाबा, मला तुम्हाला खरं दाखवायचंय ते वेगळंच. तुम्ही आयुष्यभर उजनीच्या उजव्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची भांडणं सोडवलीत. हेडवाले, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, पाणी ओढतात, टेलला पोहोचत नाही. पाणीमागणीचे नमुना सातचे अर्ज घेऊन माणसं आपल्या ओसरीवर बसायची, आणि आई सगळ्यांना चहा करायची. मी लहानपणापासून एवढंच शिकले की हेडचा माणूस सुखी. इथं येऊन ते उलटं झालं. भंडारदऱ्याचं पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवाशापर्यंत जातं. तिकडचा ऊस, कारखाने, सगळी प्रवरेची श्रीमंती या पाण्यावर उभी आहे. आणि ज्यांच्या डोक्यावर तो पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्या वरच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याला रांग लावतात. जमीन उताराची, खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, थांबत नाही. जलाशय समोर दिसतो, पण तो खाली आणि घर वर. पिकाचं कर्ज घ्यायला येणाऱ्या बायकांकडून मी हे ऐकलं, तेव्हा तुमची फार आठवण झाली. हेडलाच पाणी नाही, असा कालवा तुम्ही पाहिलाय का कधी? पावसाळ्यात येणाऱ्याला यातलं काही कळत नाही. तो धबधब्याखाली भिजतो, ‘स्वर्ग आहे’ म्हणतो आणि सहाच्या आत मुंबईच्या रस्त्याला लागतो. तुम्ही त्या धबधब्यांकडे बघाल तेव्हा तुम्हाला वाहून जाणारं आवर्तन, म्हणजे शेताची पाण्याची पाळी, दिसेल. म्हणूनच मला तुमच्याबरोबर तो फेरा करायचाय.

आई, आता तुझा देव. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, अगदी रस्त्यालगत, चढण नाही. काळा दगड आणि इंचाइंचावर कोरीवकाम. शिलाहारांच्या झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक असं सांगतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. बाजूला दगडी पुष्करिणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. म्हणजे तुला हरीही मिळाला आणि हरही. प्रवरा मागच्या रतनगडावर उगम पावते. आणि ही प्रवरा म्हणजे तीच, जिच्या काठी नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. तू इतकी वर्षं पारायण करतेस, त्या नदीचं मूळ बघायला नको? जाताना वाट थोडी वाकडी करून नेवाशाला पैस खांबाचं, माउली ज्याला टेकून बसले त्या खांबाचं, दर्शन घेऊ. बघ, देवाशिवाय घराबाहेर पडायचं नाही हा तुझा नियम मी मोडलेला नाही. तरी एक सांगते, एखाद्या वळणावर गाडी थांबवून तुला देवाबिवाशिवाय नुसतं दहा मिनिटं बसवणार आहे. तेवढं माझ्यासाठी कर.

रंधा धबधबा शेंडीच्या खाली दहाएक किलोमीटरवर. प्रवरा तिथं दीडशे फुटांहून जास्त खोल दरीत उडी घेते. कठडे बांधलेले आहेत, शेजारी घोरपडादेवीचं ठाणं आहे. याचा आवाज आधी येतो आणि मग तो दिसतो. तुला टीव्हीवरची ती लोणावळ्याची बातमी आठवते, भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेलेली. २०२४ च्या जूनअखेरची. तेव्हापासून तू मला पावसाळ्यात फोनवर फोन करतेस. तुझी भीती खोटी नाही. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा बघता बघता चढतो, आणि मध्ये दगडावर उभ्या असलेल्या माणसाला मागं फिरायला वेळ मिळत नाही. म्हणून माझा नियम असा की, धबधबा काठावरून बघायचा, पाण्यात पाय घालायचा नाही, गुडघाभर असलं तरी नाही. आणि शनिवार-रविवारी तर घराबाहेरच पडायचं नाही. त्या दोन दिवसांत शेंडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, गाण्यांचा दणदणाट आणि दारूच्या बाटल्या. सोमवारी सकाळी त्या काचा भाताच्या खाचरात सापडतात, आणि खाचरात माणसं अनवाणी असतात. यावर मला जास्त लिहायचं नाही, रक्तदाब वाढतो, आणि तो आपल्या घराण्यात आहेच.

साम्रदची सांधण दरी या वेळी नाही. खडकातली अरुंद, खोल भेग आहे ती, पावसाळ्यात तिथं पाणीच वाहतं, आणि कोरड्या दिवसांतही दगडांवरून उतरावं लागतं. हरिश्चंद्रगड तर नाहीच नाही. काजवे मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला की असतात. हिरडा, बेहडा, जांभळाची झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. ती उघडझाप म्हणजे नराने मादीला घातलेली साद. आणि त्यावर आम्ही गाडीचे मोठे दिवे मारतो! वनखात्याने आता वेळेची आणि दिव्यांची बंधनं घातली आहेत, ती आणखी कडक व्हायला हवीत. तुम्हाला मी पुढच्या वर्षी आणेन, पण गर्दीच्या जागी नेणार नाही. आमच्या शिपाईमामांच्या वाडीत त्यांच्या अंगणातूनच दिसतात.

मग यायचं कधी? आईचं पंचांग मी आधीच पाहून ठेवलंय. गौरी गेल्या, आपला गणपती त्यांच्याबरोबर गेला की अनंत चतुर्दशीपर्यंत मधले दिवस मोकळे असतात. त्यानंतर पितृपंधरवडा, मग घट, तू काही हलणार नाहीस. शिवाय याच दिवसांत पावसाचा जोर उतरलेला असतो, पण धारा आटलेल्या नसतात, आणि पठारांवर सोनकीची पिवळी फुलं आलेली असतात. नगरपर्यंत एसटीने या, तिथं स्टँडवर मी गाडी घेऊन येते. बाबांना पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिकीटच नाही, आईला अर्धं. तेव्हा ‘खर्च किती’ हा प्रश्न विचारायचा नाही. बाबा, आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. एक रात्र तळ्याकाठी, बाकीच्या माझ्याकडे. दोन्हीकडे कमोड आहे, पाहून आलेय.

जेवणाची काळजी आईने करू नये. इथं नागलीची भाकरी आणि घरच्या भाताच्या वासानेच पोट भरतं. तरी तू ज्वारीचं पीठ बांधशील हे मला माहीत आहे, तर दोन किलोच्या वर बांधू नकोस, इथल्या हवेत त्याला वास लागतो. शेंगाचटणी मात्र कितीही चालेल. बँकेतली पोरं मागच्या डब्यापासून विचारतायत.

गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या. बाबांनी काठी आणायची, लाज वाटली तर मी धरीन. आणि बाबा, तुमची ती जुनी वही, ज्यात तुम्ही पाण्याच्या पाळीच्या तारखा आणि विसर्ग लिहायचा, तीही आणा. इथल्या एका निवृत्त पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. त्यांची वही तयार आहे. भंडारदरा मोठं की उजनी, यावरून तुमची जुंपणार, तेव्हा तयारीने या.

तारीख फोनवर कळवा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत मी काउंटरवर असते, आणि इथं पाऊस असला की रेंज जाते.

तुमची,
सुमी