पिकाला विभक्ती लावायची नाही

प्रिय श्रीपाद,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. तब्येत ठीक, गुडघा चालतोय, आईलाही बरं आहे. आता जे अडलंय ते सांगतो, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

'गेन', म्हणजे हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या गेन नावाच्या पोराची ती जपानी चित्रकथा, तिच्या पहिल्या भागाच्या मराठी अनुवादाचा कच्चा मजकूर हातावेगळा झाला आणि दोन अक्षरांपाशी गाडी थांबली. पिका.

हिरोशिमाच्या माणसांनी त्या बॉम्बला स्वतःचं नाव दिलं. पिका म्हणजे डोळे दिपवणारी चमक, दोन म्हणजे धडाम. मिळून पिकादोन. लांबून पाहिलेले पिकादोन म्हणायचे आणि जवळचे नुसतं पिका, कारण जवळच्यांना आवाज ऐकल्याचं आठवतच नव्हतं, असं सांगतात. 'गेन' लिहिणारा आणि काढणारा केइजी नाकाझावा जवळच्यांतला. सहा वर्षांचा, पहिलीतला पोरगा. ६ ऑगस्ट १९४५ला सव्वाआठ वाजता कान्झाकी शाळेच्या फाटकापाशी, स्फोटकेंद्रापासून साधारण सव्वा किलोमीटरवर उभा होता. काँक्रीटच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून वाचला. त्याच्याशी बोलत असलेली बाई आडोशाबाहेर होती.

किरणोत्सर्गाने आजारी पडणाऱ्यांबद्दल ही माणसं म्हणतात 'पिका नो दोकु'. शब्दाला शब्द ठेवला तर 'पिकाचं विष'. हे मोठ्याने वाच. 'तिला पिकाचं विष बाधलं.' शेतात फवारणी करताना नाकातोंडात औषध गेलं असंच वाटतं ना? त्यात पुस्तक उघडतं तेच गव्हाच्या शेतात. बाप पोरांना सांगतो, गव्हासारखे व्हा, थंडीत उगवतो, पायांखाली तुडवला जातो, तरी मुळं रोवून सरळ वाढतो. वाचकाच्या डोक्यात पीक पक्कं बसलेलं, आणि नेमका त्यावर हा शब्द येऊन आदळतो.

मग पर्याय शोधत बसलो. 'लख्ख' घेतला, पण आपल्याकडे घासलेलं भांडं लख्ख असतं, सारवलेलं अंगण लख्ख असतं. लखलखाट, झगमगाट हे लग्नाचे शब्द. 'भक्क' अर्थाने सगळ्यात जवळचा, भक्कन पेट घेतो तसा, पण दहा भाग माणसांनी रोज तोंडात घोळवावा असं नाव त्याचं होत नाही. 'लख्खधडाम' सुचवू नकोस, तो तुझ्या दिवाळी अंकातल्या फटाक्यांच्या जाहिरातीला ठेव. आणि नुसतं 'अणुबॉम्ब' केलं तर वर्तमानपत्र बोलायला लागतं, शेजारीण बोलत नाही.

शेवटी परवा रात्री असं ठरवलं की पिका ठेवायचा, पण त्याला विभक्ती लावायची नाही. पिकाचं, पिकाने, पिकाला, सगळं बंद. वाक्यच फिरवायचं. 'तिच्या अंगात पिका भिनलाय.' 'त्याला पिका लागला.' भिनणं विषाचं, लागणं नजरेचं आणि भुताचं, आणि त्या माणसांची भीती बरोबर त्याच जातीची होती. विभक्ती टाळता येतच नसेल तिथे पूर्ण पिकादोन लिहायचं. एवढी दोन वाक्यं तू मोठ्याने म्हणून बघ आणि कानाला खुपतंय का ते सांग. माझे कान आता बधिर झालेत.

दुसरा शब्द 'सावडणं'. १९६६मध्ये नाकाझावाची आई गेली. जपानमध्ये दहनानंतर नातेवाईक लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, एकेक हाड दोघांनी मिळून उचलायचं. तिची उचलण्यासारखी हाडंच उरली नव्हती, नुसते पांढरे तुकडे. आईची हाडंसुद्धा बॉम्बने नेली, या संतापातून तो या विषयाकडे वळला. पुढे गेनच्या आईच्या मरणातही त्याने तेच काढलं. तिथे 'अस्थी गोळा केल्या' मला कोरडं वाटतं. 'सावडायला गेलो तर हाती काहीच लागेना' असं केलंय. आपला तिसऱ्या दिवसाचा विधी त्यात डोकावतो हे मान्य, पण हातांची हालचाल तीच आहे. हे मी बदलणार नाही.

आता तुझा जुना हट्ट. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पानं आरशात धरल्यासारखी उलटवून डावीकडून उजवीकडे करायची. इंग्रजीत केलंय म्हणून आपणही करावं हे मला अजून पटत नाही. सव्वाआठचं घड्याळ उलटवलंस की पावणेचार वाजतात. पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात, म्हणजे प्रत्येक पाटी पुन्हा रंगवायची. आणि किमोनो! जिवंत माणूस डावा पदर उजव्यावर घेतो, उजवा डाव्यावर फक्त प्रेताचा. एका फटक्यात आख्खी गल्ली मेलेली दिसेल, तीसुद्धा बॉम्ब पडायच्या आधीच. पहिल्या पानावर बाण काढून 'उजवीकडून वाचा' एवढं लिहू, पोरं दोन पानांत सरावतात.

एसटीतल्या त्या भांडणात मात्र थोडं तुझं खरं होतं. घर कोसळलं, वडील, बहीण, धाकटा भाऊ जळाले, तेव्हा केइजी तिथे नव्हता, आईने त्याला नंतर सांगितलं. १९७३च्या 'गेन'मध्ये तो पोराला तिथेच उभा करतो, तुळई उचलायला लावतो. तू त्याला खोटं म्हणालास. मला वाटतं, आयुष्यभर ज्या जागी आपण नव्हतो तिथेच मन जाऊन उभं राहतं, त्याने ते कागदावर काढलं. पण १९७२ची 'ओरे वा मिता' ही त्याची सरळ आत्मकथा आधी वाचायला हवी, हे तुझं म्हणणं आता पटतं.

खरं काम तुझ्याकडे आहे. जपानी मजकूर उभा, त्यामुळे संवादाचे फुगे उंच आणि चिंचोळे. देवनागरीला रुंदी लागते, शिवाय वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींत अंतरही जास्त. नऊ पॉइंटखाली गेलो तर जोडाक्षरं बुजतात, वर गेलो तर शिरोरेषा फुग्याच्या कडेला टेकते. फुगा वाढवला तर चित्र कापलं जातं. म्हणून मजकूरच छाटलाय, ओळीला दोन-तीन शब्द, शब्द कुठेही तोडलेला नाही. चित्रात मिसळलेले आवाज मात्र संगणकाच्या टायपात नकोत. ते तू कुंचल्याने काढ. नाकाझावाही चित्रकथेत येण्याआधी पाट्याच रंगवायचा. 'गिगिगि' हा दात आवळून निघणारा आवाज, त्याला मी 'करर्र' दिलंय, र जितका फाटका काढशील तितका बरा.

सोबत चार पानांच्या छायाप्रती आहेत, मूळच्या दीडपट. त्यावरच पारदर्शक कागद ठेवून काढ. परवानगीचं पत्र आलेलं नाही, तोवर हे कुणाला दाखवू नकोस.

चिऊची दहावी कशी गेली? गच्चीचं गळणं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

शाई तुझ्याकडे आहे की पाठवू? आणि ती दोन वाक्यं म्हणून झाली की रात्री कितीही वाजलेले असोत, फोन कर.

तुझा,
अविनाश