हीटर नंतर घ्या, आधी फटी बुजवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या पुरवणीत बर्फाळ प्रदेशात हिवाळ्यासाठी घर कसं तयार करावं यावर लेख होता. फोटो झकास होते, जाड रजया, नवे हीटर, जाडजूड पडदे, पण लेख वाचून असं वाटतं की उणे २५-३० अंशांची तयारी म्हणजे शॉपिंगची यादी. तसं नसतं हो. त्या थंडीत राहणाऱ्या माणसाचं अर्धं डोकं फटींमध्ये अडकलेलं असतं आणि उरलेलं पाण्याच्या पाइपात, आणि ही दोन्ही कामं पानगळ चालू असतानाच उरकावी लागतात कारण फटीत भरायचं साधं सीलंट साधारण ५ अंशांच्या खाली नीट धरतच नाही, बाहेरच्या नळाला लावलेला होज एकदा गोठून बसला की निघता निघत नाही, आणि फर्नेसची (घर गरम करणाऱ्या भट्टीची) सर्व्हिसिंग करणारा माणूस पहिली थंडीची लाट आली की कोणाच्याच हाती लागत नाही.

फटींचं आधी सांगतो. सगळे दारं-खिडक्यांच्या मागे लागतात, ते चूक नाही, पण मोठी गळती बहुतेक वेळा वर असते. गरम हवा वर चढते आणि माळ्यावर जायच्या झडपेच्या कडेने, छतातल्या लाइटच्या भोकांतून, वायरी आणि पाइप जिथून वर गेलेत तिथून निसटते, आणि जितकी वरून गेली तितकीच गार हवा खालून तळघराच्या सांध्यांमधून आत ओढली जाते. म्हणजे पाय गारठतात खाली पण दुखणं असतं माळ्यावर. शोधायला मशीन वगैरे काही लागत नाही, वाऱ्याच्या दिवशी एक उदबत्ती पेटवायची आणि चौकटीच्या कडेने, बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटपाशी, झडपेपाशी हळूहळू फिरवायची (पडदे जरा लांब धरा म्हणजे झालं). धूर सरळ वर जायचा सोडून आडवा पळाला की समजायचं फट इथे आहे. मग कुठे सीलंट, कुठे रबरी पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, आणि खिडकी जुनी एका काचेची असेल तर आतून प्लास्टिक फिल्म लावून हेअर ड्रायरने ताणून घ्यायची. दिसायला काही खास नाही पण खोलीत फरक कळतो.

बरेच जण फटी तशाच ठेवून माळ्यावर नुसतं इन्सुलेशनचा थर वाढवतात. ग्लासवूलमधून हवा जाते, त्यामुळे उष्णता वर जातच राहते, छप्पर आतून तापतं, त्यावरचा बर्फ वितळतो, पाणी ओघळून वळचणीला येतं, तिथे खाली गरम खोली नाही म्हणून परत गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागचं पाणी मग छपराच्या शिंगल्सखाली (कौलांसारख्या पातळ पट्ट्यांखाली) शिरतं आणि भर हिवाळ्यात छत गळायला लागतं. लोक शिडी लावून तो बांध कुऱ्हाडीने फोडायला जातात, त्यात छप्पर जातं आणि कधी कधी कंबरही. पन्हाळीतली पानं काढायला हवीत ते आहेच, पण मूळ कारण आतल्या गळतीचं असतं.

आता पाणी. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, पण पाइप फुटतो तो बहुतेक वेळा बर्फ जमला त्याच जागी नाही. बर्फाचा बूच पुढे सरकतो आणि बूच व बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो, तो पाइपाला झेपत नाही. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात, दाबाला वाट मिळते. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर खालच्या कपाटाची दारं रात्री उघडी टाकायची म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचते. बाहेरच्या नळाचा होज काढायचा, आतला व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी दहा वर्षांच्या पोरालासुद्धा, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत पाहिजे, एकदा फिरवून पण बघितलेला पाहिजे कारण वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम झालेला निघतो. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने मागे मागे हेअर ड्रायर फिरवत न्यायचा, गॅसच्या ब्लोटॉर्चची ज्योत लावायची नाही, घरं जळाली आहेत त्याने.

लेखात वीज जाण्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती याचं मला नवल वाटलं. गॅसची फर्नेस असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, वीज गेली की गॅस असून घर गार. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात पडताच गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरेच्या मनोरे कोसळले, लाखो लोक अंधारात होते आणि काही ठिकाणी वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी माणसं कोळशाची शेगडी घरात घेतात किंवा जनरेटर गॅरेजमध्ये लावतात, आणि त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर. झोपायच्या खोल्यांजवळ या वायूचा अलार्म हवा, बॅटरीवर चालणारा. आणि मोठा बर्फ पडला की आधी फर्नेसचा भिंतीतून बाहेर आलेला धुराचा पाइप मोकळा करायचा, गाडी नंतर.

पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायला टाकायचं साधं मीठ उणे १० च्या आसपास ढेपाळतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड किंवा सरळ वाळू. बाकी रजया घ्या की, कोण नको म्हणतंय.

आपल्याकडचे खूप लोक नेमके हिवाळ्यातच घर बंद करून महिना-दीड महिना सुट्टीवर जातात, त्यांच्यासाठी एवढं जरूर छापा: हीटिंग पूर्ण बंद करू नका, थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली नेऊ नका, मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लशची टाकीही. किल्ली कोणाकडे तरी ठेवा आणि अधूनमधून आत डोकावून यायला सांगा. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये अटच असते की थंडीच्या दिवसांत रिकाम्या घरावर कोणीतरी ठराविक दिवसांनी नजर टाकलेली हवी किंवा पाणी बंद केलेलं हवं, नाहीतर फुटलेल्या पाइपाचा क्लेम नाकारतात. किती दिवसांनी ते प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी ते पान काढून वाचा.

आपला,
एक नियमित वाचक