ऐरोलीत ऑफिस, आणि रात्रपाळी नाही

हॅमिल्टन, ओंटारिओ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना आई मध्येच कुकर बंद करायला उठते, बाबा तेवढ्यात मोबाइल कानाला लावून व्हिडिओवर मला स्वतःचा कान दाखवतात, आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून सविस्तर लिहितेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा. यातला काही मजकूर नानाकाकांसाठी आहे, तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नुसता हातात दिलात तर ते घडी घालून खिशात ठेवतील.

मुख्य बातमी आधी. दुकानांसाठी मेल पाठवणारी आमची कंपनी ठाण्याशेजारी ऐरोलीत ऑफिस उघडतेय. ऑफिस म्हणजे काचेची इमारत वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी जागेत भाड्याने घेतलेली चार-पाच टेबलं, एक कपाट आणि चहाची सोय. नव्या वर्षात सुरू करायचं ठरलंय. मी कायमची परत येतेय का, हे आई विचारणारच. नाही, अजून नाही. पण बस्तान बसवून द्यायला मला पाठवतायत, आणि हॉटेलचे पैसे वाचवून मी घरीच उतरणार आहे.

आई, रात्रपाळी नाही. तुझा दुसरा प्रश्न हाच असणार, म्हणून लगेच लिहिते. इथली दुकानं आपले मेल पहाटे पाठवतात, गिऱ्हाइकाने सकाळी फोन उघडला की वरच दिसावेत म्हणून. त्यामुळे आमचं यंत्र रात्री एक ते सहा सगळ्यात जास्त राबतं, आणि घोळ व्हायचे तेही तेव्हाच. कुणी चुकीची यादी निवडलेली असते, कुणाच्या सवलतीची लिंक उघडतच नाही, कधी एखादी मेलसेवा अचानक आमचे मेल थोपवून धरते. आत्ता इथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा ठाण्यात दुपारचा दीड असतो, उन्हाळ्यात साडेबारा. म्हणजे ऐरोलीची मुलं सकाळी दहाला येणार, साडेसहाला घरी जाणार, आणि तेवढ्यात आमची अख्खी रात्र राखून होणार. आजवर ती रात्र आम्हीच आळीपाळीने, उशाशी फोन ठेवून काढत होतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलांना न्यायला रात्री दोन वाजता हॉर्न वाजवत येणाऱ्या कॉल सेंटरच्या गाड्या कंपनीच्या मालकीणबाईंना वर्णन करून सांगितल्या. त्या म्हणाल्या, माणसं दिवसा काम करून रात्री झोपणार नसतील तर मला ते ऑफिसच नको.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं की मेल पाठवणं फुकट असताना यांना पैसे कोण देतं. तेव्हा धड सांगता आलं नव्हतं.

आमची गिऱ्हाइकं लहान आहेत. फुलवाले, बेकऱ्या, दातांचे दवाखाने, रोपवाटिका, एक हौशी नाट्यसंस्था. त्यांची बातमी, सवलत, वेळापत्रक त्यांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायचं आमचं काम. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या यादीत किती पत्ते आहेत त्यावर पैसे घेतात. यादी जितकी फुगलेली तितकी कंपनीची चांदी, मग त्यातल्या निम्म्या लोकांनी कित्येक वर्षांत एक मेल उघडलेला नसो. मालकीणबाईंनी हे बंद केलं. पाठवलेल्या मेलचे पैसे घ्यायचे, आणि नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याची यादी झाडून काढायची. ज्याने वर्षभरात एक लिंक दाबली नाही, काही विकत घेतलं नाही, त्याला एकदा शेवटचं विचारायचं: आमचे मेल हवेत का? उत्तर नाही आलं की नाव काढायचं. काही महिने उत्पन्न सरळ घसरलं. आमचे हिशेबनीस रोज सकाळी सुतकी चेहरा करून यायचे. मग मेल पोचायला लागले, कारण न उघडता पुसले जाणारे आणि स्पॅम म्हणून ढकलले जाणारे मेल कमी झाले की जीमेलसारख्या सेवा त्या पाठवणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवतात. बेकरीवालीची यादी निम्मी झाली आणि केकच्या ऑर्डरी वाढल्या. तिने ते शेजारच्या फुलवालीला सांगितलं. आमची सगळी वाढ अशी तोंडातोंडी झालेली आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांचे मेल पाठवणारे आम्ही स्वतःच्या जाहिरातीचा मेल क्वचितच पाठवतो.

वाढीचं दुसरं कारण फेब्रुवारी २०२४ चं. जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या लेखी दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणारा तो घाऊक. त्यांना आता तीन गोष्टी लागतात. एसपीएफ म्हणजे या नावाने मेल पाठवायला कोणते सर्व्हर अधिकृत आहेत त्यांची जाहीर यादी. डीकेआयएम बाबांना चटकन कळेल: तुम्ही काउंटरवर चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघायचात, तसं इथे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही पाठवणाऱ्याने जाहीर ठेवलेल्या किल्लीशी ताडतात. आणि जुळलं नाही तर मेल जाऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत फिरवायचा, हे डीमार्क सांगतं. शिवाय नाव काढून घेणं एका क्लिकवर झालं पाहिजे आणि दोन दिवसांत अमलात आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली, खरं तर ०.१ च्याही खाली राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजार जणांत तिघांनी बटण दाबलं की तुम्ही धोक्यात.

इथल्या कित्येक दुकानांचा पत्ता जीमेलचा, आणि मेल मात्र आमच्यासारख्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून जायचे. ते सगळे अडकले. स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे जीमेलऐवजी स्वतःचा इंटरनेट पत्ता, घ्या, या तीन नोंदी त्यात भरा, हे त्या फुलवाल्या आजींना कोण समजावणार? आम्ही समजावलं. मी स्वतः त्यांच्या दुकानात गुलाबांच्या बादल्यांमध्ये स्टुलावर बसून नोंदी भरल्यात. मोठ्या कंपन्यांनी तेव्हा मदतीची पानं लिहून ठेवली, आम्ही फोन उचलला. एका बेकरीच्या माळ्यावर बसणारी आमची कंपनी आता जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत गेली आहे, आणि माणसं दुपटीहून जास्त झाली आहेत. वागळे इस्टेटमधले कारखाने उठून आयटीची ऑफिसं आली तसंच इथेही चाललंय. पोलादाचे कारखाने मात्र सरोवराच्या काठाला अजून टिकून आहेत.

सगळंच गोड नाही. एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घ्यायची विचारणा केली, तेव्हा ऑफिसात आठवडाभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. ॲटलांटाचं मेलचिंप, म्हणजे याच धंद्यातली मोठी कंपनी, २००१ साली सुरू झालं, बाहेरचं भांडवल न घेता वाढलं आणि २०२१ मध्ये इंट्यूट कंपनीने ते सुमारे १२ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगतं. मालकीणबाईंनी निरोप पाठवला की बारा अब्ज जमले की पुन्हा या. सगळे हसले, पण त्या नंतर एकट्याच बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. नकार देणं त्यांना सोपं गेलं नसणार. घर गहाण ठेवून चालवलेली कंपनी आहे. आणि माझं म्हणाल तर मी मेल लिहायला आले होते, आता दिवसाचा बराच वेळ कुणाची सुट्टी कधी आणि कुणाच्या जागी कोण यात जातो. कंपनी वाढली की कामाची मजा कमी होते, निदान माझी तरी झाली आहे. ऐरोलीचं काम मी हट्टाने मागून घेतलं त्याला हेही एक कारण आहे.

आता नानाकाका.

काका, राम मारुती रोडवरच्या दुकानासाठी तुम्हाला तो मुलगा "ठाणे-नवी मुंबईचे एक लाख ईमेल" पेनड्राइव्हवर देतोय म्हणालात. घेऊ नका. फुकट दिले तरी घेऊ नका. त्यातले ढीगभर पत्ते बंद पडलेले असतात, ते मेल धडाधड परत येतात. काही पत्ते कुणा माणसाचे नसतातच, न विचारता पाठवणारे पकडायला मुद्दाम लावलेले सापळे असतात. एकदा तुमचं नाव काळ्या यादीत गेलं की दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिलसुद्धा पोचायची मारामार. कॅनडात तर असा उद्योग करणाऱ्या कंपनीला एक कोटी डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, २०१४ पासून. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय. तो मुलगा हे तुम्हाला सांगणार नाही.

त्यापेक्षा काउंटरवर एक वही ठेवा. साडी घेतलेल्या बाईला विचारा, नवीन माल आला की कळवू का? हो म्हणाली तरच नाव, आणि पत्ता तिच्याच हाताने. आणि खरं सांगू? तुमच्या गिऱ्हाइकांना मेलपेक्षा व्हॉट्सॲप बरं. मी मेलच्या कंपनीत आहे म्हणून मेलच घ्या असं सांगणार नाही. पण तिथेही परवानगी घेतलेल्यांनाच, आणि रोज सकाळी सुप्रभातची फुलं नकोत.

वहिनीला सांगा, ऐरोलीच्या नोकरीसाठी अर्ज करायचा असेल तर जरूर कर. लेखी इंग्रजी नेटकं हवं आणि चिडलेल्या माणसाला न चिडता उत्तर देता यायला हवं. डोमेनच्या नोंदी वगैरे इथून शिकवतील, बँकेच्या तक्रार विभागात सहा वर्षं काढलेल्या बाईला ते अवघड नाही. मात्र अर्जात माझं नाव नको. माझ्या घरचं कुणीतरी अर्ज करेल हे निवड करणाऱ्या दोघींना मी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे त्या निवडीत मी नसेन. झाली तर तिच्या गुणावर होईल, नाही झाली तर मला घरी येऊन ऐकून घ्यावं लागेल. तयारी आहे.

बाबा, तुमच्यासाठी काम आहे. दलालाने तीन जागा सुचवल्यात, पत्ते दादाला पाठवलेत. माइंडस्पेस आयटी पार्कच्या आतलं भाडं आम्हाला झेपणार नाही, या तिन्ही बाहेरच्या आहेत. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने दिघा गाव झालं की ऐरोली, दुपारी गाडीला गर्दी नसते तेव्हा जा. स्टेशनपासून चालत जाऊन बघा, रिक्षाने नाही. मुली संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येणार, तेव्हा दिवे आहेत का, टपऱ्या उघड्या असतात का, हे बघायचं. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन इंटरनेट कनेक्शन आहेत का विचारा, आणि वीज गेली तर जनरेटर किती वेळात लागतो तेही. "लगेच" म्हणाले तर लावून दाखवा म्हणा. पाणी आणि बायकांचं टॉयलेट बघायला आईला सोबत न्या, त्यात तिची नजर पक्की. मालकीणबाईंनी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्याची बातमी वाचून मला विचारलं की आता सरळ ऑफिसजवळच उतरता येईल ना! सध्या तरी त्यांना मुंबईच्या सहार विमानतळावरच उतरवणार आहे.

येताना काय आणू ते कळवा. मेपल सिरपच्या मागच्या बाटलीचं सील अजून तसंच असेल तर तसं सांगा, नवीन आणत नाही. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. २८ तारखेला ब्लॅक फ्रायडे आहे. इथल्या सगळ्या दुकानांना त्याच सकाळी मेल पाठवायचे असतात, त्यामुळे त्या आठवड्यात माझा फोन येणार नाही. जागांचं काय ते मेसेजवर कळवा, फोटो दादाला काढू दे.