खुर्चीतून उठण्याबद्दल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना आई फोन टेबलावर टेकवून आत गेली आणि तुम्ही चष्मा आणायला उठलात. मी बघतेय हे तुमच्या लक्षात नसावं. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरलेत, जरा वर आलात, परत बसलात. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी उठलात आणि टेबलाची कड घट्ट धरून थांबलात. ते डोळ्यांसमोरून जात नाही. फोनवर तुम्ही "मी ठीक आहे" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहायला बसले.

बाथरूममध्ये पाय घसरला त्याला चार महिने झाले. हाड मोडलं नाही, सुटलो असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानंतर आम्ही काय केलं? उठू नका, पाणी हातात देतो, जिना नको, एकटे बाहेर जाऊ नका. त्यात सगळ्यांत पुढे मी होते, हजारो मैलांवरून. चुकलं माझं, बाबा. काळजीपोटी आम्हीच तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवलं. बसून बसून पायांतलं बळ जातं, आणि बळ गेलं की पडायचा धोका वाढतो. धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवून एकदा पाहिलं होतं. तेवढ्यात पायांचं साधारण एक किलो मांस कमी झालं. तुमचे तर चार महिने गेलेत.

पण गेलेलं बळ परत येतं, हे मला तुम्हाला खरं सांगायचंय. १९९० साली अमेरिकेत, बॉस्टनमध्ये, वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम करून घेतला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. तुम्ही तर अजून ७४चे आहात.

मी इथे न्यूझीलंडमध्ये आले तेव्हा माहीत नव्हतं, पण घरच्या घरी करायच्या अशा व्यायामांचा एक नावाजलेला कार्यक्रम इथल्याच ओटॅगो विद्यापीठात तयार झालाय. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणं. तो करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तुम्ही म्हणाल, मी रोज फिरत होतोच की. फिरणं हृदयाला उत्तमच, पण तेवढ्याने मांड्यांना ताकद आणि शरीराला तोल येत नाही, ते वेगळं कमवावं लागतं.

शेजारच्या ८१ वर्षांच्या बाईंना दर गुरुवारी मी व्यायामवर्गाला सोडते. पहिल्या दिवशी त्या दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरून होत्या की बोटं पांढरी पडली होती. आता एका पायावर उभ्या राहतात तेव्हा पाठीवर फक्त एक बोट टेकलेलं असतं. मागे एका गुरुवारी त्या आल्या नाहीत, तर दुपारपर्यंत वर्गातल्या दोघींचे फोन आले. व्यायाम टिकतो तो बराचसा अशाने. म्हणून तुमच्या गप्पांच्या मंडळींपैकी दोघा-तिघांना बोलवा, एकत्र करा.

आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपीच्या गोळ्यांबद्दल, कारण उठल्यावर चक्कर येते का ते त्यांना कळायला हवं. मग खुर्ची घ्या, हलणारी नको, पाठ भिंतीला लावलेली. पुढे सरकून कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं वाका आणि उठा. बसताना धप्पकन नको, मनात तीन मोजत सावकाश. श्वास रोखू नका. सुरुवातीला दोन्ही हातांचा आधार घ्या, काही दिवसांनी एकाच हाताचा, मग बघू. पहिल्या दिवशी पाच वेळाच. मांड्या थोड्या दुखल्या तर घाबरू नका. छातीत दुखलं किंवा डोकं हलकं वाटलं तर मात्र लगेच थांबायचं.

तोलासाठी ओट्याला एक हात लावून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडवून दहा सेकंद उभं राहायचं, आई जवळ असताना. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि तीन दिवस ताकद-तोलाचे व्यायाम सांगते. तो आकडा आत्ता डोक्यात घेऊ नका. काहीच न करण्यापेक्षा थोडंही चांगलं, हेही तीच संघटना म्हणते.

येत्या रविवारी फोन टेबलावर टेकवून ठेवा. मीही इकडे खुर्ची घेऊन बसेन. आपण दोघं बरोबर उठू, मोजणार तुम्ही, लहानपणी मला पाढे म्हणायला लावायचात तसं मोठ्याने.

तुमची,
धाकटी

ता. क. आईस : त्यांनी पाणी मागितलं तर हातात देऊ नकोस. तू सोबत चाल, पण भांडं त्यांनाच भरू दे.