शुगर आटोक्यात होती, तरी डाग आलाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला मधुमेह आणि त्वचेवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पानभर लेखात नेक्रोबायोसिस लिपॉइडिकाच्या, म्हणजे मधुमेहींच्या नडगीवर उठणाऱ्या एका डागाच्या आजाराच्या वाट्याला दीड ओळ, आणि त्यातही काय तर 'शुगर आटोक्यात ठेवली की हे डाग आपोआप जातात'. कुणी सांगितलं हो तुम्हाला?

माझ्या नडगीवर हा डाग उठला तेव्हा माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.८ होतं, म्हणजे आटोक्यात, फाइल आहे घरात. आधी मसुरीएवढा लालसर ठिपका, मग वाढत वाढत बशीएवढा झाला, कडेला तांबूस, मधे पिवळट चकचकीत आणि कातडी इतकी पातळ की कांद्याच्या पापुद्र्यातून दिसावं तशा खालच्या बारीक लाल शिरा दिसतात. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून मीही दुर्लक्ष केलं, ती चूक माझीच. पण हळदीकुंकवाला पाय जरा उघडा पडला तर चार बायकांत आमच्या वन्सं म्हणाल्या, "चोरून गोड खातेस वाटतं?" मी चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, पण तुमची दीड ओळ वाचणारा प्रत्येक जण आता हेच म्हणणार ना!

मग गल्लीतल्या मेडिकलवाल्याने लांबूनच बघून नायटा ठरवला आणि ट्यूब दिली. आठ महिने चोळली. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, आणि आधीच विरलेल्या कातडीवर ते रोज चोळलं की ती आणखी विरते हेही नंतरच कळलं. अशी १४ स्टेरॉइडची मलमं २०१८ मध्येच सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण आमच्या गल्लीत ही बातमी अजून यायचीय बहुतेक.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून बायोप्सी केली तेव्हा कुठे नाव कळलं. त्या म्हणाल्या, हजार मधुमेहींत साधारण तिघांना होतं, बायकांना जास्त, आणि कधी कधी मधुमेह नसलेल्यांनाही होतं. शुगर सांभाळायचीच, डोळ्यांसाठी, किडनीसाठी, पण त्याने हा डाग जाईलच असं नाही. खात्रीचा असा एक उपाय नाहीच. स्टेरॉइड याच्यावरही देतात, पण त्यांच्या देखरेखीखाली आणि डागाच्या वाढत्या कडेला, मधल्या पातळ भागावर नाही. नाहीतर टॅक्रोलिमसचं मलम, कुणाला लाइट ट्रीटमेंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे मार लागू द्यायचा नाही, कारण जवळपास तिघांतल्या एकाला तिथे जखम होते. हे तुमच्या लेखात कुठेच नाही. मला सिलिंडर सरकवताना त्याची कड लागली, एवढीशी, नखाएवढी, आणि ड्रेसिंग चार महिने चाललं. भाचीच्या लग्नात पैठणीखाली बँडेज!

बरं, लेखाचं एक वेळ सोडा, माणूस चुकतो. पण त्याच पानावर खाली पाव पान जाहिरात, 'डायबेटिस मुळापासून बरा, गोळ्या बंद'. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे तुमच्या जाहिरात विभागाला माहीत नसेल तर कमालच आहे. वर डॉक्टरांचा सल्ला आणि खाली हे, आम्ही नक्की कुठला भाग वाचायचा?

दुरुस्ती छापणार असाल तर शब्दकोड्याच्या उत्तरांसारखी उलटी आणि मुंगीएवढ्या टायपात छापू नका, एवढी विनंती. आणि जरा लवकर छापा, कारण ती जाहिरात आमच्या वन्संनी कापून ठेवलीय. माझ्यासाठी.

आपली,
बावीस वर्षांची वर्गणीदार, सांगली